गोराईतली कॅराव्हॅन आणि कोमट पाण्याचं प्रकरण

कॅराव्हॅनच्या गिझरची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: पाणी गरम येत नाही. या वाक्याच्या पोटात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे टाकीतलं पाणी तापतच नाही. दुसरी म्हणजे पाणी छान तापतंय, पण नळापर्यंत येताना त्यात कुठेतरी गार पाणी मिसळतंय. पहिलीचं कारण आगीच्या किंवा विजेच्या बाजूला शोधायचं, दुसरीचं पाइपांत. हे आधी वेगळं केलं नाही की माणूस महागडे पार्ट बदलत बसतो आणि आंघोळ कोमटच राहते. खाली दिलेल्या प्रकरणात दोन्ही तक्रारी एकाच गाडीत होत्या. त्यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट होती, ती कुणी तक्रार म्हणून सांगितलीसुद्धा नव्हती, आणि धोका सगळा तिच्यातच होता.

गाडी आणि गिझर

गाडी मुलुंडच्या एका निवृत्त जोडप्याची. मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेली: मागे पलंग, मध्ये ओटा, कोपऱ्यात उभ्याने आंघोळ होईल एवढी मोरी. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चौकशी आमच्याकडेही वाढली. आमचा मूळ धंदा जोगेश्वरीत व्हॅनिटी व्हॅनच्या, म्हणजे शूटिंगच्या कलाकारांच्या गाड्यांच्या, आतल्या कामांचा. व्हॅनिटीत साध्या विजेच्या गिझरवर भागतं, कारण सेटवर जनरेटर असतोच. कॅराव्हॅनवाल्याला मात्र माळशेजच्या कडेला, जिथे प्लगही नाही, तिथे गरम पाणी हवं असतं. म्हणून गॅस.

मुलुंडच्या सोसायटीत स्कूटर लावायला जागा मिळाली तरी लोक पेढे वाटतील, तिथे ही गाडी कुठे ठेवणार? म्हणून तिचा मुक्काम गोराईला, काकूंच्या भावाच्या वाडीत. वरून नारळ, समोरून खारा वारा, आणि पावसाळाभर अंगावर ताडपत्री. जूनमध्ये झाकलेली गाडी दसऱ्याच्या सुमाराला उघडली, मंडळींनी दोन दिवस वाडीतच मुक्काम करून बघितला, आणि मला फोन आला.

गिझर अमेरिकी बनावटीचा, ६ गॅलनचा, म्हणजे २३ लिटरला जरा कमी. रचना बघितली की जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवतो: पोटातून आगीची नळी, भोवती पाणी. फरक एवढाच की बंबाचा धूर घरात व्हायचा, याचं सगळं बाहेर. बर्नर हवा घेतो ती गाडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाळीच्या दारातून, आणि जळालेला वायू सोडतो तोही तिथूनच. हे फार महत्त्वाचं आहे. बाथरूमच्या भिंतीवर लावायचा स्वस्त गॅस गिझर कॅराव्हॅनमध्ये बसवून द्या, असं सांगणारे लोक मला भेटतात. मी सरळ नाही म्हणतो. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावल्याच्या बातम्या मुंबईत अधूनमधून येतात, आणि कॅराव्हॅनची मोरी त्या बाथरूमांच्या निम्मीही नसते.

गॅसचा बर्नर ताशी १२,००० बीटीयूचा, म्हणजे साडेतीन किलोवॉटचा. शिवाय विजेचा एलिमेंट १,४४० वॉटचा, पण तो १२० व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो सरळ जोडला तर जवळपास ५,३०० वॉट ओढेल आणि जळून जाईल. गाडी बांधणाऱ्याने त्यासाठी पलंगाखाली स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बसवला होता. जड होता, पण बरोबर होता. थर्मोस्टॅट ५४ अंशांना तोडतो. तो अडकला तर ८२ अंशांना दुसरा कटआउट तोडतो, तो बटण दाबूनच परत चालू होतो. तोही अडकला तर शेवटचा राखणदार म्हणजे बाहेरच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब १० बारच्या वर गेला किंवा पाणी ९९ अंशांवर पोहोचलं की तो उघडतो.

फोनवर काय कळलं

काकांनी सांगितलेलं जवळजवळ त्यांच्याच शब्दांत: "गॅसवर लावला की टिकटिक करतो, थांबतो, पुन्हा टिकटिक करतो. तिसऱ्यांदा झालं की लाल दिवा लागतो. विजेवर तासभर ठेवला तरी आंघोळीला कोमटच. इथला एकजण बघून गेला, तो म्हणतो बोर्ड गेलाय, अमेरिकेतून मागवावा लागेल." मग निघता निघता म्हणावं तसं: "बाकी बाहेरून थेंब थेंब गळायचं, ते त्याने बंद करून दिलं."

बोर्ड म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह आणि ठिणगी चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. तो गेलाय यावर माझा विश्वास बसेना. बोर्ड खरोखर मेला असता तर टिकटिक झालीच नसती. टिकटिक म्हणजे ठिणगी. थर्मोस्टॅटने पाणी गार आहे हे कळवलं, बोर्डाने गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, ठिणगी पाडली, ज्योत दिसली का ते बघितलं, दिसली नाही म्हणून काही सेकंदांत गॅस बंद केला. असं तीनदा करून त्याने हात टेकले आणि दिवा लावला. म्हणजे बोर्ड शहाण्यासारखा वागत होता. दोष त्याच्या पुढे कुठेतरी होता.

मी दोन प्रश्न विचारले. विजेवर तापवल्यावर फक्त मोरीत कोमट येतं की ओट्यावरच्या नळालाही? दोन्हीकडे, असं उत्तर आलं. आणि ओट्यावर फक्त गरम पाण्याची तोटी उघडली, गार अजिबात नाही, तरी कोमट? हो, तरीही. शॉवरचा मिक्सर बिघडला असता तर फक्त मोरीत कोमट आलं असतं. सगळीकडे कोमट म्हणजे एकतर पाणी तापत नाही, नाहीतर गरम आणि गार या दोन ओळी कुठेतरी एकमेकींना मिळाल्यात.

फोन ठेवण्याआधी काकूंनी मागून आवाज दिला: "आणि त्यांना सांगा, ओट्यावरचा नळ हल्ली ठिबकतो. गिझर लावला की जास्त." काकांनी ते बाजूला सारलं. मला मात्र सगळ्या फोनमध्ये कामाचं वाटलं ते हेच वाक्य.

बूच

बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोटीने पलीकडे गेलो. गाडी घेऊन जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो, हत्यारांची पिशवी बोटीतून जाते. वाडीत पोहोचल्यावर आधी बाहेरचं जाळीचं दार उघडलं, आणि तिथेच थांबलो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडावर अर्ध्या इंचाची एंड कॅप बसवलेली होती. वर टेफलॉन टेप, अगदी मनापासून गुंडाळलेली. अमेरिकी आटे आणि आपले आटे वेगळे, पण या मापात इंचाला १४ आटे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे कॅप चार-पाच फेरे जाऊन घट्ट बसली होती.

"गळत होतं ना, ते हेच बंद केलं त्याने," काका म्हणाले.

मी आधी ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढला, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, पंप बंद केला, आणि मगच समजावून सांगितलं. बंद टाकीत पाणी तापत राहिलं आणि दोन्ही कटआउट अडकले, तर पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, कारण दाब त्याला उकळू देत नाही. टाकीचा सांधा फुटला की दाब एका क्षणात उतरतो, आणि पाण्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. गिझर पलंगाखाली होता. काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्या माणसाबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ गळती. व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. २३ लिटर पाणी २७ अंशांवरून ५४ वर गेलं की ते साधारण पाव लिटर फुगतं. या फुगवट्यासाठी टाकीत वरच्या बाजूला थोडी हवा कोंडलेली असावी लागते. तीच गादी. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, गादी संपते, आणि पंपाकडे परत जायची वाट पंपातल्याच नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने बंद केलेली असते. मग पाव लिटर पाणी जाणार कुठे? सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर. थेंब गळणं हे त्याचं कामच होतं. तिथे बूच मारल्यावर तेच पाणी दुसरी पळवाट शोधू लागलं, आणि सगळ्यात कमकुवत वायसर ओट्यावरच्या नळात होता. काकूंचा नळ गिझर लावला की ठिबकायचा तो यामुळे. त्या नळाने गाडी सांभाळली असं म्हणायलाही हरकत नाही.

गादी परत भरणं अगदी सोपं आहे. गिझर पूर्ण गार, पंप बंद, एक गरम पाण्याची तोटी उघडी. मग सेफ्टी व्हॉल्व्हची कडी वर करून धरायची. आतलं पाणी वाहून थांबलं की कडी सोडायची, ती टक्कन बसू द्यायची, तोटी बंद करायची, आणि पंप लावायचा. टाकीच्या वरच्या भागात हवा उरते. कॅप काढून मी हेच केलं. आधी पांढऱ्या क्षारांचे बारीक कण आले, मग स्वच्छ पाणी. कडी बसली आणि व्हॉल्व्ह कोरडा राहिला. एवढं करूनही गळत राहिला असता तर मी व्हॉल्व्ह बदलला असता. मात्र घरगुती गिझरचा नुसता दाबावर चालणारा व्हॉल्व्ह इथे लावायचा नाही. इथे दाब आणि उष्णता दोन्ही ओळखणारा लागतो.

पाणी तापत होतं

वीज जोडण्याआधी एलिमेंट मोजला. १२० व्होल्टचा १,४४० वॉटचा एलिमेंट मल्टीमीटरवर १० ओहम दाखवतो. याने तेवढेच दाखवले, आणि गिझरच्या बॉडीत वीज गळत नव्हती. म्हणजे एलिमेंट जिवंत. रिकाम्या टाकीत वीज लावली की असले एलिमेंट बघता बघता जळतात. गिझर भरलाय हे कळायची खूण एकच: गरम पाण्याची तोटी उघडल्यावर धार फुरफुर न करता सलग यायला हवी. तशी ती आली, मग प्लग लावला.

वाडीतल्या घरातून एक पातळ एक्स्टेंशन वायर गाडीपर्यंत ओढली होती, पाच अँपियरच्या प्लगमधून. गिझरचा भार धरला की गाडीत १९० व्होल्ट मिळत होते. व्होल्ट कमी झाले की वॉट त्याच्या वर्गाने कमी होतात, म्हणजे १,४४० चे उरले हजाराच्या आत. अर्ध्या तासाचं काम पाऊण तासावर जाणार. शिवाय हाताला प्लग चांगलाच गरम लागत होता. वायर जाड घ्या आणि पंधरा अँपियरच्या प्लगवरून घ्या, एवढं सांगून पुढे गेलो.

पाऊण तासाने पलंगाची फळी काढली आणि गिझरच्या पाठीमागे हात घातला. गरम पाण्याचा पाइप जिथे टाकीतून बाहेर पडतो तिथे बोट क्षणभरही ठेववेना. त्याच वेळी काकूंनी ओट्यावर फक्त गरमची तोटी उघडली होती, आणि पाणी कोमट येत होतं. म्हणजे टाकीचा यात दोष नाही. वीज आपलं काम चोख करत होती. गरम पाणी वाटेत पातळ होत होतं.

पहिला संशय बायपासवर. बर्फ पडतो त्या देशांत हिवाळ्यात गिझर रिकामा करून ठेवतात, पाइपांत न गोठणारं गुलाबी द्रव भरतात, आणि ते टाकीत जाऊ नये म्हणून पाठीमागे तीन कॉक देतात. गोराईत यांचा काडीचा उपयोग नाही, पण किटबरोबर येतात म्हणून गाडी बांधणारे बसवतात. बायपासचा मधला कॉक उघडा राहिला की गार पाणी गिझरला वळसा घालून सरळ गरम ओळीत शिरतं, आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. इथे मात्र तिन्ही कॉक जागच्या जागी होते. मधला बंद, बाकीचे दोन उघडे.

मग जुनी प्लंबरी युक्ती. गिझरमध्ये गार पाणी शिरतं तो कॉक बंद केला आणि पंप चालू ठेवून ओट्यावरची गरमची तोटी उघडली. गिझरला पाणीच मिळत नाही म्हटल्यावर धार दोन क्षणांत थांबायला हवी. थांबली नाही. जोरात वाहत राहिली, आणि आता अगदी गार. म्हणजे गिझरच्या पलीकडे कुठेतरी गार ओळ गरम ओळीला जोडली गेली होती.

अशा जोडणीच्या जागा गाडीत मोजक्याच. मोरीतला मिक्सर बघितला, दोन्ही बाजू बंद. राहिला मागच्या बाजूचा छोटा दरवाजा. त्याच्या आत बाहेरचा शॉवर असतो. दरवाजा उघडला तर कोपऱ्यात मूठभर वाळू साचलेली. गरम आणि गार दोन्ही नळ पूर्ण उघडे होते, आणि पाणी अडलं होतं ते फक्त हातातल्या शॉवरच्या बटणाने. नातवंडं किनाऱ्यावरून येऊन पाय धुतात, बटण सोडतात, शॉवर आत कोंबतात आणि पळतात. बटण बंद, पाणी थांबलं, मुलांच्या लेखी काम झालं. पण दोन्ही नळ उघडे राहिल्याने मिक्सरच्या आत गरम आणि गार ओळ आमनेसामने उघड्या राहतात. कुठेही गरम तोटी उघडा, गार पाणी या वाटेने तिकडे धावतं.

दोन्ही नळ बंद केले. गिझरचा कॉक परत उघडला. ओट्यावर मिनिटभरात इतकं गरम पाणी आलं की काकूंनी हात झटकला.

यात एक पार्ट बदलला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण याच लक्षणावर आधीच्या माणसाने बोर्डाची किंमत सांगून ठेवली होती.

कुंभारीण

गॅसची तक्रार वेगळी होती आणि खरी होती. सिलिंडर बंद करून बर्नरची नळी सोडवली. ही नळी बोटाएवढी जाड असेल. एका टोकाला जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोटीतून, गॅस शिरतो, त्याच तोंडाशी बाजूच्या फटीतून हवा ओढली जाते, आणि दोन्ही मिसळून पुढे जळतात. नळीत टॉर्च मारला, पलीकडचा उजेड दिसेना. स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचलं तर आतून वाळलेल्या मातीचा गोळा सुटून हातावर पडला. कुंभारीण माशीचं घर. गोळा फुटला, आत कप्पे, आणि एका कप्प्यात पाय दुमडून घेतलेले सात-आठ बारीक कोळी. ही माशी कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि अळ्यांसाठी साठवून ठेवते. पावसाळ्यात ताडपत्रीखालची कोरडी, अंधारी, बोटभर रुंद नळी तिला आयतीच मिळाली होती. अमेरिकेतल्या गाड्यांत हीच तक्रार असते, तिथल्या माशा वेगळ्या एवढंच.

नळी ब्रशने साफ केली, फुंकर मारली. जेटच्या छिद्रात तार घालायची नाही. छिद्र केसभर मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून हवेने मोकळा केला. सगळं परत बसवून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा आला नाही, मग स्विच टाकला.

टिकटिक, आणि निळी ज्योत. सात-आठ सेकंद छान जळली, आणि विझली. पुन्हा टिकटिक, पुन्हा ज्योत, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा लाल दिवा.

लक्षण बदललं होतं आणि ही चांगली खबर होती. आधी ज्योत लागतच नव्हती, आता लागत होती पण बोर्डाला दिसत नव्हती. बोर्ड ज्योत डोळ्यांनी बघत नाही. ठिणगीच्याच इलेक्ट्रोडमधून तो ज्योतीतून जाणारा विजेचा अगदी बारीक प्रवाह मोजतो, मायक्रोअँपियरमध्ये. तो प्रवाह बर्नरच्या धातूतून अर्थिंगला परत यायला हवा. इथे बर्नर ज्या पट्टीवर बसतो तिचा स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजून तपकिरी झाला होता. स्क्रू काढला, पट्टी आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, नवा स्टीलचा स्क्रू लावला. इलेक्ट्रोडच्या टोकावरची पांढरी पूड पुसली आणि टोक बर्नरपासून साधारण ३ मिलिमीटरवर, ज्योतीच्या आत येईल असं धरलं. बोर्डाच्या टोकाशी बॅटरीचे व्होल्ट मोजले, १२.३. साडेदहाच्या आसपास गेले की हे बोर्ड बावचळतात, इथे तो प्रश्न नव्हता.

पुन्हा स्विच. ज्योत लागली, घुर्र असा एकसारखा आवाज धरला, आणि राहिली.

गॅसचा दाब मोजायला गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते. वाकवून यू करायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक टेस्ट पॉइंटला लावायचं आणि दोन पातळ्यांमधला फरक पट्टीने मोजायचा. या गिझरला सुमारे २८० मिलिमीटर पाण्याचा दाब लागतो. आपल्या शेगडीचा रेग्युलेटर ३०० च्या आसपास देतो, आणि बर्नर जळत असताना तो थोडा खाली येतो. जुळलं. अमेरिकी गिझरला आपला रेग्युलेटर चालणार नाही असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांनी मोजलेलं नसतं.

वास

काकूंची आणखी एक तक्रार होती, गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास. टाकीचं खालचं बूच उघडून पाणी काढलं. पाणी लालसर, सोबत चमचाभर पांढरा चुरा. बुचाला जोडलेली मॅग्नेशियमची कांडी झिजून आतली तार तेवढी उरली होती. लोखंडी टाकी गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते. मुंबई महापालिकेचं तानसा-भातसाचं पाणी तसं मऊ, त्यात कांडी टिकते. वाडीत गाडी भरतात ती विहिरीच्या पाण्याने, आणि ते जड. शिवाय महिनोन्महिने टाकीत कोंडलेलं पाणी, त्यातले जंतू आणि मॅग्नेशियम एकत्र आले की हा वास हमखास. टाकी दोनदा धुऊन काढली. घरगुती गिझरची कांडी मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात मिळते, मॅग्नेशियम तेच, फक्त आटे जुळत नाहीत. ती आमच्या ओळखीच्या लेथवाल्याने या मापाच्या लोखंडी बुचात बसवून दिली.

आता कसं चालतं

त्यानंतर गाडी महाबळेश्वरला जाऊन आली. गॅसवर एक टाकी तापायला काकांच्या घड्याळाने वीसएक मिनिटं लागतात. पहाटेच्या गार पाण्याला अर्धा तास. हिशेबाने बघितलं तर वीस मिनिटांत शंभर ग्रॅमपेक्षा कमी गॅस जळतो, म्हणजे पाच किलोचा सिलिंडर आंघोळीपुरता बराच पुरतो. पाहुणे जास्त असले तर गॅस आणि वीज दोन्ही स्विच एकदम टाकता येतात, टाकी लवकर तापते. मात्र चार माणसांनी ओळीने आंघोळ करायची तर शॉवर मध्ये मध्ये बंद करावा लागतो. २३ लिटरची टाकी आहे, ती संपते. बंबाचं पाणी पुरवून वापरलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. नातवंडांना लागतं.

पावसाळ्यात ताडपत्री घालायची तर गिझर रिकामा करून, खालचं बूच काढून, आणि जाळीच्या दारावर आतून बारीक स्टीलची जाळी लावून. ही जाळी अशी हवी की माशी अडेल पण हवा अडणार नाही. गिझर चालू असताना दारावर ताडपत्रीचं टोकही येता कामा नये. काकांनी हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय, मोठ्या अक्षरात.

बाहेरच्या शॉवरवर थोडी चर्चा झाली. मी म्हटलं, मुलांना दोन्ही नळ बंद करायला शिकवा. काकू म्हणाल्या, "अहो, पायाची वाळू धुवायला गरम पाणी हवंय कुणाला?" बरोबर होतं. तिथली गरम ओळ पलंगाखालीच कापून बंद केली, आता बाहेर फक्त गारचा एक नळ आहे.

राहिला ट्रान्सफॉर्मर. काकांना तो काढून २३० व्होल्टचा एलिमेंट सरळ बसवायचाय, वजन वाचतं म्हणून. थर्मोस्टॅट आणि कटआउटवर किती व्होल्ट छापलेत ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, कारण एलिमेंट बदलला तरी वीज तोडणारे तेच राहणार. दिवाळीनंतर गाडी जोगेश्वरीला येईल, तेव्हा ते उघडून बघू.